कुड्याखालची पाखरं

मुखेड,
१ जून २०२५

आनंदा,

तुझ्या आईचा जय भीम.

हे पत्र तुझ्या हातात कागद म्हणून येणार नाही. उदगीरच्या ज्या स्टुडिओत तू अल्बमचं काम करायचास, तिथले संगप्पा या पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवणार आहेत. मला तुझा पत्ता माहीत नाही आणि माझा फोन तुला लागत नाही, म्हणून हा मार्ग. संगप्पा म्हणतात, आधी त्यांच्या मेसेजला दोन टिका यायच्या. मे महिन्यापासून एकच येते.

एका टिकेचा अर्थ मी त्यांना दोनदा विचारला. ते म्हणाले, फोन बंद असंल बाई, दुसरं काही नसतं.

घर सोडून तुला दोन वर्षं झाली. एवढ्यात तुझं पत्र नाही, फोन नाही, पण दर रविवारी सकाळी तुझ्या पेजवर एक पाखरू यायचं. शिंपी, नाचण, दयाळ, चीरक. तुझ्या बाबांच्या मोबाइलवर मी ते उघडायचे आणि तेच तुझं पत्र समजायचे. पाखराच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका असायचा. तो दिसला की वाटायचं, पोराची नजर अजून नीट आहे, हात कापत नाही, जेवत असेल.

मेच्या पहिल्या रविवारी तू नवरंग टाकलास. त्यानंतर काही नाही. पहिला रविवार चुकला तेव्हा म्हटलं नेट नसेल. दुसरा चुकला तेव्हा म्हटलं जंगलात खोल गेला असेल. आजही रविवार आहे. सकाळपासून मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्यापुढं बसले आहे.

पोलीस ठाण्यात जाऊन आले. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं, तुझा फोटो घेतला. पेपर मी अजूनही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. फक्त आतलं ते एक पान, अनोळखी माणूस सापडल्याच्या बातम्या असतात ते, घडी घालून बाजूला ठेवते. शेजारची लुंबिनी येते आणि न विचारता ते उघडून बघते. परत घडी घालते. मग मी चहा टाकते.

काकांचं बोलणं तू धरून बसला आहेस हे मला कळतं. बाबा गेले त्या दिवशी तू किनवटच्या जंगलात होतास. पाखरू बुजू नये म्हणून फोन बंद करून झुडपासमोर पालथा पडला होतास. दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाला पंगत बसलेली असताना भीमाकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "बाप मरून राहिला अन् हे पाखरांचे फोटो काढून राहिलं." तू ताटावरून उठलास. कॅमेऱ्याची बॅग घेतलीस. मला वाटलं हात धुवायला गेलास.

आता मी काय करणार आहे ते सांगते. फोटोखाली तू नेहमी लिहितोस, ठिकाण सांगणार नाही. घरट्याजवळ माणसांची गर्दी होऊ नये म्हणून फोटो काढणारे ठिकाण लपवतात, हे तूच मला शिकवलंस. पण मागचे फोटो परत परत बघताना मला त्यात एक काळा दगड दिसला. मधून पांढरी रेघ गेलेला. तोच दगड शिंप्याच्या मागंही आहे आणि चीरकाच्याही मागं. खाली सागाची वाळकी पानं, वर कुड्याचं झुडूप, पांढऱ्या फुलांचं. साग आणि कुडा आपल्याकडं कुठं एकत्र आहेत ते मला माहीत आहे. तू तिथंच आसपास राहतोस, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

मी किनवटला येते आहे. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी लांबून बघेन आणि परत फिरेन.

तुझी आई,
महामाया


किनवट,
११ जून २०२५

आनंदा,

दगड सापडला.

नांदेडहून किनवटची बस धरली. इथं विहारात उतरले आहे. विहारातल्या बायांनी भाकरी दिली आणि फार विचारलं नाही. अण्णाराव म्हणून जंगलखात्याचे गार्ड आहेत. त्यांना तुझा नवरंगाचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल उन्हातून सावलीत नेला, पडद्यावर दोन बोटं ताणून दगड मोठा केला आणि म्हणाले, हा तर नाल्याच्या वळणावरचा. एवढ्या लवकर कुणी ओळखेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी ते मला तिकडं घेऊन गेले. वाट चढाची नाही, पण घाणेरीनं भरली आहे, लुगडं सोडवत सोडवत गेले. वळणावर आलो आणि दगड दिसला. काळा, मधून पांढरी रेघ. मी हात लावून बघितला. तुझ्या फोटोत तो गार वाटतो, इथं तापलेला होता.

पण झुडूप नव्हतं.

कुड्याच्या जागी जळकी खुंटं आहेत. त्यातून वीतभर कोंब फुटले आहेत, कोवळे, हिरवेगार. अण्णाराव म्हणाले, मागच्या साली वणवा लागला तेव्हाच गेलं ते. मी त्यांना पुन्हा फोटो दाखवला. त्यात झुडूप पुरुषभर आहे, फुलांनी लगडलेलं. हा फोटो याच मेमधला आहे असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मावशी, फोटो जुना हाय."

मी त्यांच्याशी भांडले. तारीख दाखवली. पाखरू ताजं आहे, तारीख ताजी आहे, मग झुडूप जुनं कसं असेल? त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की या वळणावर यंदा कुणी कॅमेरेवाला आलेला नाही. मागच्या सालीही नाही. आला असता तर त्यांना कळलंच असतं, त्यांचीच वाट आहे.

दोन दिवस मी त्या दगडापाशी बसले. तू कसा पालथा पडून राहायचास तशी पडूनही बघितलं. जमिनीला कान लागला की पानांतली सगळी चुळबूळ ऐकू येते. मुंगी चालली तरी कळतं. एक नवरंग आला. खरा. वाळकी पानं चोचीनं उलटी करत करत दगडाच्या पलीकडून आला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल. बाबांचा मोबाइल काढून फोटो घ्यायला गेले तर फोटोत नुसतं पान आलं. मला त्याचं दुःख झालं नाही. मला पाखरू नको होतं.

मग मी तुझ्या नावानं ओरडले. जंगलात ओरडू नये, पाखरं उडतात, माहीत आहे. तरी ओरडले. आनंदा म्हणून, आनंदराज म्हणून, आणि लहानपणी म्हणायचे त्या नावानंही. अण्णाराव मागं विडी ओढत उभे होते. मी थांबले तर म्हणाले, "ओरडून घ्या मावशी. मी कोणाला सांगत नाही." उतरायच्या आधी त्यांनी मला दगडाजवळ बसवून त्यांच्या फोनमध्ये एक फोटो काढला. पोरगं भेटलं की दाखवा म्हणाले, आई कुठवर आली होती ते.

उद्या निघते. कुठं जायचं ते कळत नाही, पण इथं तू नाहीस. दुसरं जंगल मला माहीत नाही. या पत्राचेही फोटो संगप्पा पाठवतील. टीक एकच आली तरी पाठवा म्हणून सांगणार आहे.

आई


उदगीर,
२४ जून २०२५

आनंदा,

आज मला सगळं कळलं आणि जे कळलं त्यानं जीव जास्तच घाबरा झाला आहे.

संगप्पांच्या स्टुडिओत तुझ्या जागेवर आता मनिषा म्हणून मुलगी आहे. बोलायला फटकळ, कामाला चलाख. मागचं पत्र द्यायला गेले तेव्हा तिनं तुझा नवरंग मोठ्या कॉम्प्युटरवर लावला. अण्णाराव फोटो जुना म्हणतात, हे मी तिला सांगितलं होतं. तिनं फोटोतला काळोख थोडा उजळला, पाखरू इतकं मोठं केलं की नुसती पिसं दिसायला लागली, आणि म्हणाली, "काकू, हे पाखरू इथं बसलेलंच न्हाई."

मला कळेना. ती म्हणाली, उजेड बघा. पाखरावर उजेड डावीकडून पडलाय, पानांवर उजवीकडून. पाखरू एका फोटोतलं आहे, झुडूप दुसऱ्या फोटोतलं. एकेक पीस सुटं करून, कडा मऊ करून, सावलीसुद्धा हातानं घालून बसवलं आहे. तिचं रोजचंच काम आहे ते. "आम्ही दुबईतला मामा उदगीरच्या मांडवात उभा करतो काकू. वऱ्हाड जेवून गेलं तरी कुणाला कळत न्हाई. पण तुमचं पोरगं लई वरचं हाय. मला दोन दिवस लागले असते."

मग तिनं तुझे मागचे फोटो एकाशेजारी एक लावले. दोन वर्षांतले. आणि म्हणाली, आता पाखरं झाका. मी पडद्यावर अंगठा ठेवून शिंपी झाकला. मग नाचण. मग दयाळ. खाली राहिलं ते सगळीकडं एकच होतं. तोच दगड, तेच झुडूप, किड्यानं खाल्लेलं तेच एक पान. कुठं आरशात धरल्यासारखं उलटं केलेलं, कुठं संध्याकाळचा रंग दिलेला, कुठं इतकं धूसर की नुसता हिरवा धूर. पण झुडूप एकच. लोक पाखराकडं बघतात. मीही पाखराकडंच बघत होते.

मनिषा हसायची थांबली. तिनं कॉम्प्युटरमध्ये तुझं जुनं काम शोधलं. घर सोडल्यावर तू तीन-चार दिवस इथं स्टुडिओतच झोपत होतास, तेव्हा कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं यात उतरवून ठेवलं होतंस. त्यात ते झुडूप सापडलं. जसं काढलं तसं, काही न केलेलं. तारीख तुझे बाबा गेले त्या दिवसाची. तेच झुडूप सकाळचं, दुपारचं, कलत्या उन्हाचं. पाखरू एकाही फोटोत नव्हतं.

त्या दिवशी एकही पाखरू आलं नव्हतं, आनंदा. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. मी तुला तिथल्या वाटांवर शोधत फिरले आणि तू दोन वर्षं त्या एका रिकाम्या झुडपासमोर पडून राहिलास. कुठंतरी बंद खोलीत, पडद्यासमोर. आणि दर रविवारी त्यात एक पाखरू आणून बसवलंस.

आता ऐक. बाबा त्या दिवशी अकराच्या सुमाराला जेवले. वांग्याची भाजी होती, तिखट झाली म्हणून मला बोलले. मग तुझी आठवण काढून म्हणाले, नवरंग मिळाला तर मोठा करून भिंतीवर लावू. हे बोलून अंगणात गेले आणि तिथंच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंतही राहिले नाहीत. फोन लागला असता तरी ते जाईपर्यंत तू किनवटच्या बाहेरही पडला नसतास. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्याआधीच काकांचं बोलणं कानात घेऊन तू निघून गेलास.

मनिषाला मी एक काम सांगितलं. अण्णारावांनी काढलेला माझा फोटो तिनं त्यांच्याकडून मागवला आणि तुझ्या पेजवर, तुझ्या नवरंगाच्या खाली टाकला. ती म्हणाली, काकू, उजेड जरा वाढवू का, जळकी खुंटं पुसू का? मी म्हटलं, कशालाच हात लावू नको. खाली तिच्याकडून एवढंच लिहून घेतलं: आनंदा, झुडूप आता असं आहे. मी तिथं बसून आले.

तू जिवंत असशील तर बघशील. हे वाक्य लिहायचं नव्हतं. लिहून गेलं.

आई


देगलूर, बसस्टँड,
२९ जून २०२५

आनंदा,

परवा बाजारात होते. मिरच्या घेत होते आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. हॅलो म्हटलं तर पलीकडचं काही ऐकू येईना. भोवती इतका गलका की मी कपडेवाल्याच्या गाड्यामागं जाऊन खाली बसले आणि कान दाबून धरला. मिरच्यांची पिशवी कुठं राहिली कळलं नाही.

तू विचारलंस, "फोटो कुणी काढला?"

दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो हा. मी म्हटलं, अण्णाराव म्हणून गार्ड आहेत. तू म्हणालास, "डोळे मिटलेत तुझे." मी म्हटलं, ऊन असेल. मग तू नेहमीच्या कामाचं बोलावं तसा बोललास, की दुसरा फोटो असला तर पाठव, त्यातले उघडे डोळे काढून यात बसवता येतात, कुणाला कळणार नाही.

"नको. मिटलेलेच राहू दे," म्हटलं.

मग मी विचारलं, रविवारचे फोटो का थांबवलेस. माझ्या मनात फार वाईट उत्तरं होती, ती सगळी मी तोंड घट्ट मिटून आवरली. तू म्हणालास, "पाखरं संपली, आई. जुन्या फोटोंतली होती तेवढी सगळी लावली."

मग पुढं काय करणार, असं विचारलं. येऊ नको म्हणालास आणि फोन ठेवलास. ते येऊ नको मी ऐकलंच नाही असं समज.

मी उदगीरला गेले. संगप्पांनी त्याच नंबरवर फोन लावला. मलप्पा म्हणून हैदराबादेत अल्बमची लॅब चालवतात, त्यांनी उचलला. वरच्या खोलीत राहतोस, खाली काम करतोस, हे त्यांनी सांगितलं. पत्ता दिला. त्यांना वाटत होतं तुला कुणीच नाही. म्हणाले, "अम्मा, पोरगा कामात लई साफ हाय. पण कॅमेरा विकला, फोन बंद करून टाकला. आता कॉम्प्युटरमधलं आपलं सगळं पुसून ऱ्हायला. कशाला म्हटलं तर आता लागत न्हाई म्हणतो. मला बरं दिसंना. तुम्ही या."

म्हणून निघाले.

भीमाकाकांनी मला मोटरसायकलवर इथवर आणलं. तुझ्यासाठी अर्धापूरची केळी घेतलीत, आपल्याकडं मिळतात त्यापेक्षा बरी म्हणे. समोर टपरीवर बसलेत आणि तिसरा चहा पिऊन राहिलेत. मघाशी जवळ आले, चप्पल जमिनीवर घासत उभे राहिले. म्हणाले, "वैनी, त्याला सांगा. म्हंजी... तुमी सांगा काहीतरी." मी म्हटलं, काय सांगू? तर म्हणाले, "तेच. मी बोललो ते. मला न्हाई जमणार." आणि परत चहाकडं गेले. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. त्यांचा निरोप सांगून झाला.

हे पत्र टपालात टाकणार नाही. संगप्पांकडूनही येणार नाही. फोनवर मला बोलता येत नाही आणि समोर आलास तर त्याहून येणार नाही, म्हणून लिहून आणते आहे. दार उघडलंस तर हे पिशवीतच राहील. उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन.

पाखरं संपली म्हणालास तेव्हापासून तुला काय म्हणावं याचा मी विचार करते आहे. पुस्तकं वाचून मला शब्द बरे येतात असं लुंबिनी म्हणते, पण इथं काही सुचत नाही. मी त्या वळणावर दोन दिवस बसले, आनंदा. तिथं तुझे बाबा नव्हते. तुझा अपराधही मला कुठं दिसला नाही. दगड होता, राख होती आणि वीतभर कोंब होते. तुला ते झुडूप सोडायचं नसेल तर सोडू नकोस. पण त्याच्यासमोर एकट्यानं पडून राहायचं आता बंद. राहायचंच असेल तर मला शेजारी जागा कर.

मला तुझ्याकडून फोटो नको. नोकरी बदल, घरी ये, असंही काही नको. आज जेवलास का एवढं सांग. नाही जेवलास तर तेही सांग. काहीही पुसून नीट करू नकोस, जसं आहे तसं सांग. मला चालतं.

हैदराबादची गाडी लागली आहे. काका केळी घेऊन पळत येत आहेत, घड सुटला आहे, दोन खाली पडली.

अक्षर वाकडं आलं आहे, गुडघ्यावर धरून लिहिते आहे. वाचून झालं की कडी काढ. लगेच काढता आली नाही तर आतून नुसता आवाज दे. मी पायरीवर बसले आहे.

आई